सॉफ्टवेअरचा सातबारा कुठाय?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. "हे आयटीवाल्यांचं आहे, आपल्याला काय करायचंय" असं म्हणून जे पुढे सरकणार आहेत, त्यांनी तर थांबाच. तुमचा पैसा ज्या पतसंस्थेत आहे, तुमचा ट्रेलर ज्या टर्मिनलच्या गेटवर उभा राहतो, तुमचं पोरगं ज्या महापे-ऐरोलीच्या कंपनीत जातं, त्या सगळ्यांची ही गोष्ट आहे.

परवा करंजा जेट्टीवर रेवसच्या लाँचची वाट बघत उभा होतो. शेजारी ओळखीचे एक काका. सगळा जन्म होडीवर गेलेला माणूस. त्यांनी मोबाइल काढून एका संस्थेचं नवं अ‍ॅप दाखवलं. डिझेलचा हिशोब, ठेव, कर्ज, सगळं त्यात. "आता वहीची कटकट नाय. सगला मोबाइलवर." मी विचारलं, "काका, बनवलं कोणी?" "पनवेलचा कोन पोरगा हाय." "आणि आत काय काय वापरलंय त्यानं?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी ताज्या पापलेटला एक्स्पायरी डेट विचारली. मग मी म्हटलं, "नवीन दोर घेताना कुठला, किती जाडीचा, कोणाकडचा, हे बघता ना?" "मंग! दर्यान जिवाचा सवाल हाय."

बरोबर. दर्यात जिवाचा सवाल म्हणून दोर बघून घेतो. मग जन्माची पुंजी ज्या अ‍ॅपला बांधली, त्याचा दोर कोणी बघायचा? ही पोस्ट त्या दोराबद्दल आहे.

आधी साध्या भाषेत. आज कुठलंही सॉफ्टवेअर कोणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत नाही. तारीख दाखवायची, पीडीएफ काढायची, पासवर्ड सांभाळायचा, ग्राफ काढायचा, प्रत्येक कामासाठी जगात कोणीतरी तयार तुकडा लिहून ठेवलाय. त्याला म्हणतात लायब्ररी. एक कमांड मारली की तो तुकडा इंटरनेटवरून येतो आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये बसतो. बहुतेक वेळा फुकट. यात वाईट काहीच नाही. जाळ्यासाठी कोणी घरी सूत कातत बसत नाही.

गोम पुढे आहे. तो तुकडा स्वतः आणखी दहा तुकड्यांवर उभा असतो आणि ते दहा आणखी कशाकशावर. आपल्याकडे हळदीला पाच घरांत आमंत्रण द्यावं आणि मांडवात पाचशे माणूस जेवायला बसावं, तसं. फरक एवढाच, की हळदीला आलेल्या पाचशेंपैकी चारशे तरी ओळखीचे निघतात. इथे पाचशेपैकी पाचांचीसुद्धा नावं प्रोग्रामरला सांगता येत नाहीत. आणि ते नुसते जेवून जात नाहीत, घरातच राहतात. तिजोरीच्या खोलीत.

"हे सगळं अमेरिकेतलं" असं म्हणाल, तर आपल्याच उंबऱ्यातलं सांगतो.

२७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि त्यात मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी सापडली. मर्स्कच्या ग्रुपचं एक टर्मिनल आपल्याकडे न्हावा-शेव्याला आहे. गेटवे टर्मिनल्स इंडिया, आपण ज्याला जीटीआय म्हणतो तेच. ते बसलं. कुठला कंटेनर कोणाचा, कुठे ठेवलाय, कुठे जायचाय, हे सांगणारी यंत्रणाच बंद. हाताने काम रेटायची वेळ आली. करंजापासून गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर हे घडलं.

आता हा व्हायरस शिरला कुठून, ते ऐका. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशोबाचं, कर भरायचं सॉफ्टवेअर आहे. तिथल्या धंदेवाल्यांत घराघरात वापरलं जाणारं. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट देणाऱ्या सर्व्हरमध्ये घुसून अपडेटमध्येच विष कालवलं. लोकांनी नेहमीप्रमाणे अपडेट घेतलं आणि मेले. 'वायर्ड' मासिकाने नंतर छापलं, की मर्स्कच्या ओडेसा ऑफिसमध्ये एका अधिकाऱ्याने एका संगणकावर हे सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. तेवढं एक भोक पुरलं. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, हे त्यांच्या चेअरमनने स्वतः दावोसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. आणि सगळं परत उभं राहिलं ते कशामुळे? घानामधल्या ऑफिसची वीज नेमकी त्या वेळी गेली होती म्हणून तिथला एक सर्व्हर वाचला आणि त्याच्यावरून बाकीचं उभं केलं. अब्जावधींची कंपनी, आणि तारलं कोणी, तर लोडशेडिंगनं!

आपल्या उरणमध्ये त्या आधी एम.ई.डॉक हे नाव कोणी ऐकलं होतं का? जीटीआयच्या गेटवर ट्रेलर लावणाऱ्या ड्रायव्हरने ऐकलं होतं का? टर्मिनल थांबलं की ट्रेलरची फेरी थांबते, फेरी थांबली की ड्रायव्हरचा, क्लीनरचा, सीएफएसमधल्या कामगाराचा दिवस जातो. युक्रेनमधल्या कोणाच्या तरी हिशोबाच्या सॉफ्टवेअरमुळे. यालाच म्हणतात डिपेंडन्सी. मराठीत सरळ शब्द आहे: मिंधेपणा. मिंधेपणा असू दे, जग असंच चालतं. पण आपण कोणाचे मिंधे आहोत, हे तरी माहीत असायला नको का?

नॉटपेट्या अख्ख्या सॉफ्टवेअरच्या वाटेने आला. लायब्ररीच्या वाटेने काय काय येतं त्याचे तीन नमुने देतो. तीन वेगळे आजार आहेत, म्हणून तीन.

पहिला आजार: दोर कापला जाणं. मार्च २०१६. लेफ्ट-पॅड नावाची एक लायब्ररी होती, सगळी मिळून ११ ओळींची. काम काय, तर अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकामी जागा भरायची. बस. लिहिणाऱ्याचं आणि एनपीएम या भांडाराचं एका नावावरून वाजलं. तो चिडला आणि आपल्या अडीचशेच्या वर लायब्ऱ्या त्याने भांडारातून काढून घेतल्या. त्याबरोबर जगभरातल्या प्रोजेक्टांचं बिल्ड कोसळलं, मोठमोठ्या कंपन्यांचंसुद्धा. ११ ओळी. त्या स्वतः लिहायला चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. पण कोणी लिहिल्या नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण त्या वापरतोय हेच बहुतेकांना माहीत नव्हतं.

दुसरा आजार: दोर आतून कुजलेला असणं. डिसेंबर २०२१, लॉग-फोर-जे. जावामध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काय घडलं त्याची नोंद ठेवणारी लायब्ररी. नोंदवही म्हणा. तिच्यात असं भोक निघालं, की बाहेरच्या माणसाने एक विशिष्ट ओळ टाइप केली आणि ती ओळ या वहीत नोंदली गेली, की त्याचा प्रोग्राम तुमच्या सर्व्हरवर चालू शकतो. धोक्याचे गुण १० पैकी १०. आणि ही लायब्ररी सांभाळत कोण होतं? आपापली नोकरी करून फावल्या वेळात काम करणारी मूठभर माणसं. तिच्यावर उभ्या होत्या बँका, विमान कंपन्या, सरकारं.

तिसरा आजार: दोर वळणाराच फितूर होणं. मार्च २०२४, एक्सझेड युटिल्स. फायली दाबून लहान करणारं साधन, लिनक्समध्ये जवळपास सगळीकडे. लास्से कॉलिन नावाचा एकटा माणूस वर्षानुवर्षं ते सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया तान' या नावाने कोणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं इमानदारीत काम केलं, विश्वास कमावला, चाव्या मिळवल्या आणि मग नव्या आवृत्तीत चोरदार बसवलं. पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर "नेट स्लो असेल" म्हणून चहाला गेला असता. त्याने खोदलं, आणि जग वाचलं.

आता परत घरी या. ३१ जुलै २०२४ ची बातमी आठवते का? देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआय-एटीएमचे व्यवहार अडकले. या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. हल्ला पुढे पसरू नये म्हणून एनपीसीआयने सी-एजला काही काळ पेमेंटच्या यंत्रणेपासून तोडलं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार हल्लेखोरांनी सुरुवात केली ती सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरपासून. जेन्किन्स म्हणजे सॉफ्टवेअर बांधायचं कारखान्याचं यंत्र समजा. अहवालात जेन्किन्समधल्या ज्या भोकाचा उल्लेख आहे, ते आलं कुठून? जेन्किन्स कमांड वाचायला आर्ग्ज-फोर-जे नावाची लायब्ररी वापरतं. तिच्यात एक सोय होती: शब्दाच्या आधी 'ॲट'चं चिन्ह दिलं तर त्या नावाची फाइल उघडून तिचा मजकूर आत घ्यायचा. लिहिणाऱ्याने चांगल्या मनाने दिलेली सोय. जेन्किन्समध्ये ती चालूच राहिली, आणि बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या फायली वाचायची वाट मिळाली. दुरुस्ती आली होती जानेवारी २०२४ मध्ये. हल्ला झाला जुलैच्या अखेरीला.

साखळी मोजा. बँकेचा खातेदार बँकेवर विसंबून. बँक सी-एजवर. सी-एज दुसऱ्या कंपनीवर. ती कंपनी जेन्किन्सवर. जेन्किन्स आर्ग्ज-फोर-जेवर. आणि शेवटच्या टोकाला एटीएमसमोर उभी राहून "पैसे का निघत नाहीत" विचारणारी कोणाची तरी आई. तिला काय सांगणार, आर्ग्ज-फोर-जे?

आता मी कोण लागून गेलो शहाणपण शिकवणारा, असं कोणी म्हणायच्या आत स्वतःचंच सांगतो.

२०२१ च्या डिसेंबरात मी एका कंपनीत होतो. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा मेल आला, एक ओळीचा: "तुमच्या सिस्टिममध्ये लॉग-फोर-जे कुठे कुठे आहे, सांगा." बारा जणांची टीम. एकालाही उत्तर माहीत नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "आपण तर वापरतच नाही." आम्हीही माना डोलावल्या. मग शोधायला बसलो. तीन रात्री. सात ठिकाणी सापडलं. सातवं ठिकाण होतं रिपोर्ट छापणाऱ्या एका विकतच्या टूलच्या पोटात, आणि ते टूल विकणारी कंपनी दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेली. जे आम्ही लिहिलं नव्हतं, विकत घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं, ते क्लायंटच्या सर्व्हरवर जिवंत होतं. त्या तीन रात्रींत दुरुस्त्या कमी आणि शोधाशोध जास्त. घराला आग लागली असताना घरात खोल्या किती आहेत हे मोजत बसलो होतो आम्ही.

आणि दुसरं, जे सांगायला जास्त लाज वाटते. त्याच्या आधी दोन वर्षं इकडच्याच एका छोट्या संस्थेला मी पार्ट-टाइम सॉफ्टवेअर करून दिलं होतं. २५ हजारांत. 'एनपीएम इन्स्टॉल' मारत गेलो. कॅलेंडरसाठी एक लायब्ररी, बटणांसाठी एक, आकड्यात स्वल्पविराम घालायला एक. आवृत्त्या बांधून ठेवल्या नाहीत, यादी दिली नाही, पैसे घेतले, नमस्कार केला. पुढे एकदा त्यांनी सर्व्हर बदलला, सगळं नव्याने इन्स्टॉल केलं, तर दोन लायब्ऱ्यांच्या नव्या आवृत्त्या एकमेकींशी पटेनात. व्याजाचा हिशोब दाखवणारं पान पांढरं. आठवडाभर कारकून ताई वहीवर हिशोब करत होत्या. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे तर चालतंय." हे वाक्य आमच्या धंद्यातलं सगळ्यात निर्लज्ज वाक्य आहे, आणि मी ते म्हटलंय.

म्हणून आता बोलायचा हक्क मागतो.

आपल्या भागाचा इतिहास बघा. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली उरणचा शेतकरी रस्त्यावर उतरला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. त्या लढ्यानंतर आपल्या घराघरात एक गोष्ट रुजली: कागद बघ. सातबारा बघ. फेरफार बघ. कोणाचं नाव चढलं, कोणाचं उतरलं, इतर हक्कात काय लिहिलंय, बोजा कोणाचा. अंगठा उठवणाऱ्या आजीलासुद्धा सातबारा म्हणजे काय ते कळतं. गुंठाभर जमीन घेताना आपण तीन पिढ्यांचे उतारे काढतो. आणि लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर घेताना? लॉगिन कसं करायचं तेवढं बघतो. रंग भगवा आहे की निळा, साहेबांचा फोटो पहिल्या पानावर आहे की नाही, तेवढं बघतो.

सॉफ्टवेअरचाही सातबारा असतो. त्याला एसबॉम म्हणतात, सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स. आत कुठली लायब्ररी आहे, कुठल्या आवृत्तीची, कोणाची, कुठल्या परवान्याखाली, आणि ती आणखी कशावर उभी आहे, याची यादी. आता कोणी म्हणेल परदेशी फॅड आहे. नाही. आपल्या केंद्र सरकारच्या सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये याच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, अत्यावश्यक सेवा आणि सॉफ्टवेअर निर्यातदार यांच्यासाठी. जुलै २०२५ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली. सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत एसबॉम घातलाय. युरोपचा कायदा झालाय, त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होणार. म्हणजे उद्या ऐरोलीतून युरोपला माल विकायचा तर यादी बनवावीच लागेल. मग युरोपसाठी जी यादी बनवणार, ती करंजाच्या सभासदाला का नाही?

आता दोष कोणाचा ते स्पष्ट बोलतो. राग आला तर येऊ दे.

पहिला दोष आम्हा प्रोग्रामरांचा. आम्हाला 'इन्स्टॉल' करता येतं, 'नको' म्हणता येत नाही. दहा ओळींच्या कामासाठी लायब्ररी आणतो, कारण दहा ओळींना डोकं लागतं. आता तर एआय कोड लिहून देतं आणि कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव ठोकून देतं. चोरांनाही ते कळलंय. त्या नावाची लायब्ररी तेच तयार करून ठेवतात. तुम्ही डोळे मिटून कमांड मारली की चोर आत. पोरांनो, इंटरव्ह्यूला "रिअॅक्ट येतं" सांगता, त्या रिअॅक्टबरोबर तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय काय आलं ते एकदा 'नोड मॉड्यूल्स'चं फोल्डर उघडून बघा. मग झोप येते का सांगा.

दुसरा दोष घेणाऱ्यांचा. निविदा काढताना सर्वात कमी दर, बास. बांधायचे पैसे देणार, सांभाळायचे नाहीत. अहो, होडी बांधली आणि पुढची दहा वर्षं तिला हात लावला नाही, असा नाखवा दाखवा करंजात! एक जूनला मासेमारी बंद झाली की होडी वर घेतात, तळ खरवडतात, फळ्या बघतात, रंग काढतात, इंजिन खोलतात, जाळी दुरुस्त करतात. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळं टकाटक. दोन महिने निव्वळ देखभाल. ही अक्कल ज्या गावाच्या रक्तात आहे, त्याच गावातली माणसं संचालक झाली की "सॉफ्टवेअरला पुन्हा पैसे कशाला? एकदा दिले ना!" म्हणतात.

तिसरा दोष मोठ्या कंपन्यांचा. फुकटच्या लायब्ऱ्यांवर कोट्यवधी कमावतात आणि ती लिहिणाऱ्याला दमडी देत नाहीत. वर काही बिघडलं की त्यालाच ईमेल: "तातडीने दुरुस्त करा." प्रत्येक ओपन सोर्स परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, की जसं आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही. तो माणूस प्रामाणिक आहे. त्याने सांगून ठेवलंय. आपण वाचत नाही. आपल्या देशात झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. चांगलं केलं. पण एका कंपनीने केलं म्हणून बातमी होते, यातच बाकीच्यांची लाज निघाली.

आता काही मित्र येणारच, त्यांना इथेच उत्तर देतो.

"मग काय सगळं स्वतः लिहायचं?" नाही रे बाबा. पासवर्ड लपवायचं, एन्क्रिप्शनचं काम स्वतः लिहायला जाल तर त्याहून मोठं भोक पाडाल. तिथे जगाने तपासलेली लायब्ररीच घ्यायची. प्रश्न घ्यायची की नाही हा नाहीच. मोजून घेतली का, बघून घेतली का, लिहून ठेवली का, हा आहे.

"अपडेट करत राहा, झालं." इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं. एम.ई.डॉकचं विष अपडेटमधूनच आलं. एक्सझेडचं चोरदार नव्या आवृत्तीत होतं. आणि दुसरीकडे, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्सने स्ट्रट्स या लायब्ररीचं मार्चमध्ये आलेलं अपडेट वेळेवर घेतलं नाही आणि १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली. म्हणजे घेतलं तरी मेलात, नाही घेतलं तरी मेलात? तसंही नाही. साधी, रोजची नवी आवृत्ती आली तर आठवडाभर थांबा. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरच्या चॉक, डीबग अशा प्रचंड वापराच्या लायब्ऱ्यांत कोणीतरी घाण घातली, ती काही तासांत पकडली गेली. जो थांबला तो वाचला. पण सुरक्षेचं भोक बुजवणारं अपडेट असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्या. ओहोटीला थांबायचं की भरतीला निघायचं हे तांडेलाला कळतं, कारण त्याला दर्या माहीत असतो. आपल्याला यातलं काय लागू आहे, हे ज्याच्याकडे यादी आहे त्यालाच कळणार. यादीच नसेल तर तातडी कसली आणि थांबायचं कशासाठी?

"लहान संस्थेला परवडत नाही." यादी काढायला पैसे लागत नाहीत. एनपीएममध्ये त्याची कमांडच आहे. सिफ्ट नावाचं फुकट साधन आहे. कोणत्या लायब्ररीत ज्ञात भोक आहे ते सांगणारी साधनंही फुकट आहेत. पोराचा एक दुपारचा वेळ. परवडत नाही ते नंतरचं: अडकलेले पैसे, आठवडाभर वहीवरचा हिशोब आणि सभासदांचा उडालेला विश्वास. विश्वासाचं अपडेट मिळत नाही.

तर मागणी काय? पाचच गोष्टी. ग्रामपंचायत असो, मच्छीमार सोसायटी असो, पतसंस्था असो, शाळा असो.

एक. सॉफ्टवेअर घेताना करारात लिहा: लायब्ऱ्यांची पूर्ण यादी आवृत्त्यांसकट दिली जाईल, आणि प्रत्येक बदलानंतर नवी यादी. यादी नाही तर शेवटचा हप्ता नाही.

दोन. आवृत्त्या बांधलेल्या पाहिजेत. लॉक फाइल म्हणतात तिला. आज जे चाललं तेच उद्या नव्या सर्व्हरवर जसंच्या तसं उभं राहिलं पाहिजे. आणि सगळ्या लायब्ऱ्यांची एक प्रत आपल्या ताब्यात, म्हणजे उद्या कोणी चिडून काढून घेतली तरी आपलं काम अडत नाही.

तीन. देखभालीचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे ठेवा. दर तीन महिन्यांनी एकदा तपासणी, होडी वर घेतो तशी. आणि केली याची नोंद वहीत.

चार. नवी लायब्ररी आत घेताना तीन प्रश्न: ती कोण सांभाळतं? शेवटचं काम कधी झालंय? हे आपल्याला स्वतः लिहिता येण्यासारखं आहे का? लेफ्ट-पॅडच्या ११ ओळी इथेच अडल्या असत्या.

पाच. सॉफ्टवेअर बंद पडलं तर पहिल्या दिवशी काम कसं चालवायचं, ते कागदावर असू द्या आणि वर्षातून एकदा करून बघा. जीटीआयसारख्या टर्मिनलवर हाताने काम करायची वेळ आली, तर आपली सोसायटी कोण लागून गेली? वही फेकू नका, काका. ती कटकट नाही, तो लाइफ जॅकेट आहे.

एवढं मागायला आपल्याला कॉम्प्युटर यायची गरज नाही. सातबारा बघायला तलाठी व्हावं लागत नाही. सप्टेंबरात संस्थांच्या वार्षिक सभा होतात. अहवाल वाचला जातो, "मंजूर, मंजूर" होतं, वडा-चहा होतो, फोटो होतो. यंदा वड्याच्या आधी एकाने उभं राहायचं आणि एवढंच विचारायचं: "अध्यक्ष साहेब, आपल्या सॉफ्टवेअरची यादी कुठाय?"

साहेब सेक्रेटरीकडे बघतील. सेक्रेटरी पनवेलच्या त्या पोराला फोन लावतील. पोरगा घाबरेल, मग एक कमांड मारेल आणि आयुष्यात पहिल्यांदा बघेल, की आपण बोलावलेल्या पाचांबरोबर घरात किती जण येऊन राहिलेत. त्या दिवसापासून तो चांगला प्रोग्रामर होईल. मी झालो तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, तीन रात्री जागून कळलं.

आणि त्या छोट्या संस्थेचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी मी परत गेलो. फुकट. ३१ लायब्ऱ्या काढून टाकल्या, त्यातल्या निम्म्या कशासाठी आणल्या होत्या ते मलाच आठवेना. उरलेल्यांची यादी छापून कारकून ताईंच्या कपाटात ठेवली, सही-शिक्क्यासह. ताई हसून म्हणाल्या, "हे एवढं पहिल्याच दिवशी दिलं असतं तर?"

उत्तर नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

पटलं तर आपल्या संस्थेच्या संचालकांना टॅग करा. नाही पटलं तर वाद घालायला या, मी इथेच आहे.